न जमणारी घडी

"सत्तावीस एकोणचाळीस किती गं?"

असा प्रश्न तुमच्या-आमच्या सगळ्यांच्या घरात कधी ना कधी विचारला गेला आहे. आकडे निराळे असतील, बाकी सगळं तेच. जेवणं उरकलेली, हात अजून ओले, आणि घरातल्या पोराला मधोमध उभं करून एखादा वडीलधारा मजेत विचारतो. सगळ्यांच्या माना वळतात. पोर घामाघूम होतं. आणि आपण हसतो!

त्या दिवशी विचारणारा होता मामा. मामा तिकीट खिडकीवर बसायचा. समोरचा प्रवासी खिसे चाचपतोय तोवर तीन पूर्ण, दोन अर्धी असा सगळा हिशेब मामाच्या जिभेच्या शेंड्यावर तयार. आकड्यांत त्याच्या वाटेला जायची कुणाची छाती नव्हती.

समोर उभी होती त्याची भाची. तिला घरीदारी सगळे कावळी म्हणत. रंगावरून नव्हे हो! बोलायला लागली तेव्हापासून तिच्या तोंडी एकच शब्द, 'का?' दूध उतू जातं, पाणी का जात नाही? चाक गोलच का? आता ती अठराची झाली होती, पण तो शब्द काही सुटला नव्हता.

"सांग, सांग! विद्यापीठात गणित शिकायचंय ना बाईसाहेबांना?"

कावळीने डोळे मिटले. ओठ हलले. मामाने बोटांनी पाटावर ताल धरला.

"एक हजार त्रेचाळीस," ती म्हणाली, आणि लगेच तिच्या कपाळाला आठी पडली. "नाही, थांब मामा. हे चुकलंय. सत्तावीसला नवाने भाग जातो, मग उत्तरालाही जायला हवा. माझ्या उत्तराला तर..."

"चुकलं ना? झालं तर मग!" मामाने मांडीवर थाप मारली. "एक हजार त्रेपन्न! कावळीबाई, आमच्या खिडकीवर असतीस तर गाडी सुटून परत आली असती, तरी रांग तिथल्या तिथे!"

हशा पिकला. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासून डोळे लाल झालेले बाबासुद्धा पंच्यात तोंड लपवून हसले. त्या हशात कावळीचं अर्धं वाक्य कुठे विरून गेलं, कुणाला कळलंही नाही.

एक आई तेवढी हसली नाही. तिला लाज वाटली होती.

ही आई पुस्तकबांधणीच्या कारखान्यात छापील कागदांच्या घड्या घालायची. तीस वर्षं तेच काम. तिथे तिला सगळे घडीताई म्हणत. मामा गेल्यावर कावळी हळूच अर्ज घेऊन आली. विद्यापीठाचा अर्ज. सगळं भरलेलं; पालकाची सही तेवढी कोरी.

"आई, उद्या पाचपर्यंत मुदत आहे."

"कशाच्या जिवावर सही करू? ज्या पोरीला मामाच्या एका प्रश्नाचं उत्तर येत नाही, तिने गणित शिकायला जायचं? लोक तोंडात शेण घालतील. त्यापेक्षा कचेरीकामाचा एक वर्षाचा कोर्स कर. सावलीत खुर्चीवर बसशील. माझ्यासारखे पाय सुजायचे नाहीत."

"पण ते गणित नाहीच, आई."

"मग काय आहे?"

"ते पाठांतर आहे. मामाचं छान आहे, मी नाही कुठे म्हणते? पण गणित म्हणजे..." कावळी अडखळली. "एखाद्या गोष्टीचं कारण सापडतं ना, आई, ते आपल्या जन्माआधीही खरंच होतं. आपण गेल्यावरही खरंच राहणार. आणि तरी ते मला सापडतं, इथे, चुलीजवळ बसल्या बसल्या! मला कधी कधी भीतीच वाटते, इतकं ते मोठं असतं."

घडीताईने पोरीकडे पाहिलं. कारखान्यातून आणलेल्या रद्दी कागदांच्या कोऱ्या पाठी ही मुलगी रेघांनी, वर्तुळांनी भरून टाकायची. ते कागद घडीताईने कधी बंबात घातले नव्हते. गादीखाली सपाट करून ठेवले होते. का ठेवले, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"असलं बोलून कुणी पोटाला घालतं का?" ती म्हणाली, आणि सही तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात वेगळाच गोंधळ.

आधी काम कसं चालतं ते सांगायला हवं. छपाईकडून मोठा कागद येतो. त्यावर पुढे आठ आणि मागे आठ अशी सोळा पानं असतात. पाहिलं तर सगळा सावळागोंधळ! चारच्या शेजारी तेरा, सोळाच्या शेजारी एक, वरची ओळ तर डोक्यावर उभी. पण तीन घड्या घातल्या, की तीच पानं शहाण्या लेकरांसारखी एक, दोन, तीन, चार अशी रांगेत येतात. घडी घालणाऱ्या बायकांचं एक गाणंही होतं:

*पहिली घडी घाल बाई, दुसरी घडी मोड,*
*तिसऱ्या घडीत सोळा पानांची लागेल जोड.*

त्या दिवशी जोड लागेना. कागदावर खालची ओळ चार, तेरा, सोळा, एक अशी हवी होती. ती आली होती चार, सोळा, तेरा, एक. दोन पानांनी जागांची अदलाबदल केली होती, आणि ढीग छातीएवढा.

"पानांच्या पाठी बरोबर आहेत ना?" फोरमन म्हणाले. "तेराच्या मागे चौदा, सोळाच्या मागे पंधरा. नुसती जागा चुकली. मग तुम्ही घडी बदला! उभी घाला, आडवी घाला, उलटी घाला. एवढ्या जणी आहात, एकीला तरी सापडेल."

सकाळपासून पाच जणी झटत होत्या. कागद चोळामोळा होऊन पायाशी पडत होते. घडीताईची बोटं म्हणजे कारखान्याची शान; पण आज तिचीही बोटं हरली होती.

तीन वाजता कावळी दारात आली. हातात तोच अर्ज. आईची शेवटची विनवणी करायला आली होती ती. पण तिने अर्ज पुढे केला नाही. ती पायाशी पडलेले कागद पाहत राहिली. मग एक कागद उचलला, पेन्सिल घेतली, आणि खिडकीपाशी जाऊन बसली. घडी एकही घातली नाही. नुसती पाहत बसली.

थोड्या वेळाने उठली. "काका, ही घडी जमणार नाही."

"आता हीच एक राहिली होती!" फोरमन वैतागले. "अगं, तुझ्या आईला तीस वर्षांत..."

"आईला जमत नाही असं नाही, काका. ही कुणालाच जमणार नाही. कधीच."

शिलाईवाली मावशी सुई थांबवून म्हणाली, "कधीच? आणि तू गं कशी सांगतेस, एकही घडी न घालता?"

कावळीने कागद टेबलावर पसरला. "आई, तू कुठल्याही दोन शेजारच्या पानांमध्ये घडी घाल."

घडीताईने घातली.

"एका पानाचं तोंड आता कुठे आहे?"

"वर."

"आणि शेजारच्याचं?"

"खाली. ते उलटं पडणारच ना!"

"पडणारच! मग घडी उभी घाल, आडवी घाल, आधी घाल, नंतर घाल. दोघांमध्ये घडी आली, की एकाने आभाळाकडे बघायचं, दुसऱ्याने जमिनीकडे. आता टेबलावर मिटून ठेवलेलं पुस्तक बघ. एक, तीन, पाच, सगळे विषम आकडे पानाच्या वरच्या अंगाला. दोन, चार, सहा खालच्या अंगाला. म्हणजे कागदावर समच्या शेजारी विषमच यायला हवा. आणि इथे बघ," तिने पेन्सिल टेकवली, "चारच्या शेजारी सोळा बसलाय. दोघंही सम. दोघांनाही जमिनीकडे बघायचंय, आणि घडी तर दोघांना एका दिशेला बघूच देत नाही!"

फोरमननी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा पोरीकडे.

"पण समज, उद्या एखादीला सापडलीच घडी..."

"उद्या नाही काका. हजार वर्षं माणसं बसवली तरी नाही."

घडीताई उठली. फडताळाशी गेली. जुन्या कामांचे नमुने तिथे लटकवलेले असत. तिने एक कागद ओढला, गोष्टीच्या पुस्तकाचा. सम, विषम, सम, विषम. खालची ओळ, वरची ओळ, बुद्धिबळाच्या पटासारखी. दुसरा ओढला, कायद्याच्या पुस्तकाचा. तेच! औषधांच्या पुस्तकाचा. तेच! तीस वर्षं! किती लाख घड्या, आणि प्रत्येक घडीत हा नियम तिच्याच बोटांखालून मुकाट जात होता. तिच्या पोरीने तासाभरात त्याला हाक मारून थांबवलं होतं! आणि तो नियम इथला नव्हता. जिथे जिथे कागद असेल, तिथे तिथे तो असणार. कुणी पाहो, न पाहो. घडीताईला एकदम खोली उंच झाल्यासारखी वाटली. देवळात गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो, तसा तिचा आवाज खाली आला.

"अण्णा," ती म्हणाली. अण्णा म्हणजे मुद्रितं तपासणारे म्हातारे. गडबड ऐकून चष्मा कपाळावर ढकलत दारात येऊन उभे होते. "अण्णा, हे हिनं काय केलं?"

"गणित केलं, ताई."

"पण हिला साधा गुणाकार धड येत नाही हो! काल माझ्या भावासमोर चुकली."

"माझं अक्षर मोत्याचं आहे," अण्णा म्हणाले. "म्हणून मी कधी कविता लिहिली का? आणि लिहिणाऱ्या मंडळींचं अक्षर बघा, कोंबडीचे पाय! हिशेब यावा, चांगलाच आहे. पण तो म्हणजे गणित नव्हे. बरं, काल चुकली तेव्हा ही काय म्हणाली?"

घडीताईला आठवेना. मग आठवलं. हशाखाली दबलेलं ते अर्धं वाक्य. "म्हणाली, उत्तराला नवाने भाग जायला हवा, आणि जात नाही."

"अहो, मग!" अण्णांनी टेबलावर हात आपटला. "खरं उत्तर माहीत नसताना आपलं उत्तर चुकलंय हे तिला कळलं! ताई, ही किती मोठी गोष्ट आहे! आणि तुम्ही सगळे त्याच वेळी काय करत होता?"

"हसत होतो," घडीताई म्हणाली. तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "मी हसले नाही अण्णा, पण मी लाजले. ते त्याहून वाईट!"

ती कावळीकडे वळली. "आण तो अर्ज."

"आई, टेबलावरची चिकट खळ लागलीय तुझ्या हाताला."

"लागू दे. आण आधी!"

सही वाकडी आली, आणि शेजारी खळीचा अंगठा उमटला. फोरमन घड्याळाकडे बघत ओरडले, "चार वाजले! जा दोघी, पळा. ती दोन पानं आता कापून चिकटवायला घेतो आम्ही. दिवसभर नसती घडी शोधत बसलो!"

विद्यापीठाच्या खिडकीवरचा कारकून अर्ज वाचून कौतुकाने म्हणाला, "गणित! म्हणजे मुलगी हिशेबात एकदम पक्की असणार."

"छे हो," घडीताई म्हणाली, आणि तिची मान ताठ होती. "हिशेबात चुकते ती. पण चुकली की तिचं तिला कळतं, आणि का चुकली तेही कळतं."

कारकुनाने मान वर करून आधी आईकडे पाहिलं, मग मुलीकडे. मग शिक्का मारला.

वाचकहो, आपल्या घरातल्या मुलांना आपण चारचौघांत उभं करतो, घड्याळ लावल्यासारखं उत्तर मागतो, आणि ते चुकलं की त्यांच्या आयुष्याचा निकाल लावून मोकळे होतो. झटपट उत्तर म्हणजे बुद्धी, ही आपली जुनी खोड आहे. ती सोडू या! चूक झाल्यावर मूल पुढे काहीतरी बोलत असतं. हसू आवरा आणि ते वाक्य पुरतं ऐका. घडीताईला ते एक दिवस उशिरा ऐकू आलं. अर्जाची मुदत तेवढी उरली होती, हे तिचं नशीब. पुष्कळ घरांत ती उरत नाही.