हवेतलं पाणी आणि वहिनीची इस्त्री

सभेच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. समोर टेबलावर काचेचं उंच यंत्र होतं, त्याला ना वायर ना बॅटरी, आणि तरी तोटीतून पाण्याची धार लागलेली. लोक रांग लावून ते पाणी पीत होते. बेकरीवाल्या काकांनी तर बाटल्या भरून घेतल्या.

“हवा फुकट, पाणी फुकट,” स्टार्टअपचा फाउंडर सांगत होता. वय तिशीच्या आत, पायांत पांढरे बूट आणि दर तिसऱ्या वाक्याला ‘पृथ्वी’. “आम्ही यंत्र विकत नाही काका, भविष्य विकतो. टेबलाला तेवढा हात लावू नका, सेन्सर नाजूक आहेत. आणि नकारात्मक माणसांपासून लांब राहा.”

शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून होतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. विजेशिवाय एवढी धार येते कशी, असं मी मागच्या सभेत विचारलं, तेव्हा सगळ्यांनी मला खाली बसवलं. त्यांत माझा सख्खा भाऊही होता.

दादा-वहिनीची लाँड्री आहे. एकवीस वर्षं उभं राहून दादाचे गुडघे गेले. दुकान विकून पैसा या कंपनीत घालायचा, मग आयुष्यभर बसून खायचं, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

“दुकान गेलं तर मी करू काय?” वहिनीने विचारलं. त्याने दुकानाचे कागद पिशवीत भरले. मला खरोखर भीती वाटत होती.

हे बिंग फोडलं ते मी नाही, वहिनीने. वाफेच्या इस्त्रीत ती नळाचं पाणी कधी घालत नाही. गॅरेजमधून गाडीच्या बॅटरीचं पाणी आणते, कारण त्यात क्षार नसतात. दादाने सभेतून हवेच्या पाण्याचा कॅन आणला, तेव्हा ती खूश झाली. थेट हवेतलं, म्हणजे क्षार असणारच नाहीत. तिने तेच इस्त्रीत भरलं. आठवडाभरात इस्त्रीने एका वकिलाच्या काळ्या कोटावर पांढरा चुरा ओकला.

“भावजी, हे नळाचंच पाणी आहे,” तिने मला फोनवर सांगितलं.

मी दोन चमचे घेतले. एकात कॅनमधलं पाणी आटवलं, दुसऱ्यात बॅटरीचं. पहिल्याला पांढरं कडं राहिलं, दुसरा स्वच्छ.

शनिवारी सकाळी त्याच हॉलमध्ये गुंतवणुकीच्या कागदांवर सह्या होत्या. दादाने पेन काढलं, तशी वहिनी उठली आणि तिने चमचे सगळ्यांना दाखवले. फाउंडर गोड हसला. “ताई, खनिजं आम्हीच घालतो, तुमच्या आरोग्यासाठी.” टाळ्या पडल्या.

“बस खाली, लाज काढू नकोस,” दादा म्हणाला.

टेबलामागच्या भिंतीपलीकडे हॉलचं बेसिन होतं. मी तिथे जाऊन त्याखालचा कॉक बंद केला. उघड्या दारातून यंत्र दिसत होतं. धार बारीक झाली आणि थांबली.

“हवेतला ओलावा कमी झाला,” फाउंडर म्हणाला. “गर्दीमुळे होतं असं.”

मी कॉक उघडला. धार आली. पुन्हा बंद केला, थांबली.

“ओलावा भारीच आज्ञाधारक आहे,” वहिनी म्हणाली.

कोणी हसलं नाही. बेकरीवाल्या काकांनी टेबल एका बाजूने उचललं. त्याच्या पोकळ पायातून निघालेली निळी नळी भिंतीतून बेसिनकडे गेली होती. काका ती हातात धरून मटकन खाली बसले. त्यांनी सगळी पुंजी आधीच दिली होती. फाउंडरला पोलिसांनी नेलं, पण काकांचे पैसे कुठे आहेत ते अजून कळलेलं नाही.

हवेत पाणी असतं. ते काढताही येतं, पण त्याला ऊर्जा लागते. असं यंत्र प्रामाणिकपणे बनवणारेही आहेत आणि त्यांना पैसा मिळायलाच हवा. ते यंत्र उघडून दाखवतात, वीज किती लागते ते सांगतात, बाहेरच्या माणसाला मोजू देतात. जो हात लावू देत नाही, त्याच्या कागदावर कृपा करून सही करू नका. आणि सही करण्याआधी त्या कामातलं कळणाऱ्या माणसाला विचारा. तो आपल्या घरातच असू शकतो.

 त्या शनिवारी परत येताना दादाने वहिनीला विचारलं, “पण माझ्या गुडघ्यांचं काय करायचं?”

“उद्यापासून उभ्याचं काम माझं,” ती म्हणाली. “तुम्ही बसून घड्या घाला.”