मागचीच उत्तरं

सकाळपासूनचं हे सातवं घर. बोलून बोलून तिच्या तोंडाला फेस आला होता. महिन्यापूर्वी विचारलेले वीस प्रश्न त्याच माणसांना पुन्हा विचारायचे. उत्तरं जुळली की प्रश्नावली विश्वसनीय ठरणार, एवढ्यासाठी तिच्या संशोधनाच्या मार्गदर्शक सरांनी तिला दारोदार पिटाळलं होतं.

दार निवृत्त घड्याळवाल्या काकांनी उघडलं. मागच्या वेळी काकूंनी पाणी आणलं होतं, आज काकांनीच आणलं. मग त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला.

"मागची उत्तरं लिहून ठेवलीत. तुमचं काम बिघडायला नको."

तिने कपाळाला हात लावला. कागदात बघून दिलेल्या उत्तरांना काडीची किंमत नव्हती, पण हे समजावण्याचं त्राण कुणाला होतं? ती मुकाट्याने विचारत गेली.

"एकटं वाटतं का?"

काकांनी कागदावरून बोट फिरवलं. "कधीच नाही."

तिची नजर स्वयंपाकघराकडे गेली. "काकू कुठे दिसत नाहीत?"

"गेली ती. पंधरा दिवस झाले." बोट पुढच्या ओळीवर सरकलं. "हं, विचारा."

तिने पेन खाली ठेवलं. "काका, तो कागद राहू द्या. आजचं सांगा."

"आजचं सांगितलं तर तुमचं जुळणार कसं?"