अजून जरा गरम आहे

ट्रकचा आवाज दारापाशी आला आणि ठकीने चहाचा कप तसाच खाली ठेवला.

"आई, तू तर म्हणालीस बाबा उद्या येणार!"

"मग मला काय स्वप्न पडलं होतं? उद्याच येणार होते. चहा संपव तू. लगेच नाही येत ते आत."

ते तिलाही ठाऊक होतं. आमच्या ह्यांची ही जन्माची खोड. गाडी दारात लावायची, पण इंजिन बंद न करता थोडा वेळ केबिनमध्येच बसून राहायचं. इंजिनातला टर्बो तापलेला असतो म्हणे. एकदम बंद केलं तर त्यातलं तेल जागच्या जागी जळतं आणि टर्बो कामातून जातो. घरी बायको ताटकळली तरी चालेल, टर्बोला चटका बसता कामा नये! सुरुवातीला माझा नुसता जळफळाट व्हायचा. पुढे तेवढ्यात मी जेवण गरम करून घ्यायला लागले.

आज मात्र तेवढ्यात लेकीला मागच्या दाराने बाहेर काढायचं होतं. तिने आपल्या मनाने लग्न केलं तेव्हा हे भडकून बोलून गेले होते, "मी घरात असताना हिने इथे पाऊल टाकायचं नाही." लेक बापाच्याच वळणावर गेलेली. तिनेही तो शब्द धरून ठेवला. हे गाडीवर गेले की यायची आणि हे परत यायच्या आत निघून जायची. दोघांच्या हट्टापायी माझा जीव नुसता मेटाकुटीला आला होता.

ठकीने पर्स उचलली, पण चपला पुढच्या दारात. मी दार किलकिलं करून हात बाहेर काढला, तर हे वरून नेमके त्या चपलांकडेच बघत होते. मला पाहिलं आणि मान फिरवून समोरच्या भिंतीकडे बघत बसले.

झालं! म्हटलं, आता उतरतील आणि तमाशा होणार. पण इंजिन चालूच. ठकी चपला घालून मागच्या दाराशी उभी, तरी चालूच. दुसऱ्या कुणी उगाच इंजिन चालू ठेवलं तर 'डिझेल काय फुकट येतं का?' म्हणून अंगावर जाणारा माणूस हा! शेवटी मी तरातरा बाहेर गेले.

"अहो, आज वरच मुक्काम आहे का?"

"घाट चढून आलोय. अजून जरा गरम आहे."

"एव्हाना गार होऊन झोपलं असेल ते. मला नका शिकवू."

हे खाली न बघताच म्हणाले, "चहा झाला का तिचा?"

"अर्धा राहिलाय."

"होऊ दे. मी कुठे घरात आलोय?"

मला भडभडून आलं. "अहो, बोलणं तुमचं, मग तुम्हीच मागे घ्या ना! आत चला आणि बस म्हणा तिला."

"आणि मी आत पाय टाकला नि ती उठून गेली तर? त्यापेक्षा हे बरं आहे."

मी आत जाऊन ठकीला सगळं जसंच्या तसं सांगितलं. म्हटलं, "घाबरलेत गं ते."

"कोण? बाबा?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग पर्स तिथेच टाकून पुढच्या दाराने बाहेर गेली.

त्या घरघरीत हाक ऐकू जाईना, म्हणून तिने केबिनच्या दरवाजावर थाप मारली. ह्यांनी दरवाजा उघडला.

"बाबा, मी जात नाहीये. करा बंद."

ह्यांनी चावी फिरवली.

ह्यांचे गुडघे हल्ली धरतात. पण उतरताना कुणी हात पुढे केला की, "म्हातारा झालो का मी?" म्हणून झिडकारतात, माझासुद्धा. आज एक पाय पायरीवर टेकवून थांबले आणि लेकीने काही म्हणायच्या आत तिच्या खांद्यावर हात ठेवून सावकाश उतरले. खाली आल्यावरही हात काढायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही. ठकीनेही तो तसाच राहू दिला.