अंगठ्यावरच्या लाटा

टक्, टक्.

घरात इतकी शांतता होती की नेलपॉलिशच्या बाटलीतला मोहरीएवढा छर्रा काचेवर आपटला, तोही दाराची कडी वाजल्यासारखा ऐकू आला. तिने श्वास रोखला. पलंगावर झोपलेल्या लेकीने नाक चोळलं, कूस बदलली आणि आईवर मोठे उपकार केल्यासारखी पुन्हा झोपली.

खरं तर बाटली हलवायची नसते, तळहातांत घोळवायची असते, नाहीतर रंगात बुडबुडे येतात. लेक होण्याआधी पार्लरमधल्या नव्या पोरींना हे घसा कोरडा होईपर्यंत सांगणारी बाई म्हणजे हीच. पण आई झालं की बाईच्या डोक्यात औषधाच्या वेळा आणि हरवलेले मोजे एवढंच उरतं, असा घरातल्यांचा समज होता. आत्ता तिने स्वतःच त्याला पुरावा दिला.

सकाळी पार्लरच्या मॅडमचा निरोप आला होता. खुर्ची रिकामी होतेय. "यायचं म्हणतेस तर ये ना, पण हात तोच राहिलाय का ते बघू दे. थरांचं काम कर. दोन्ही हात, तुझे तूच. पार्लर बंद व्हायच्या आत फोटो पाठव. नाहीतर दुसरी एक आहे, तयारच बसलीय." मॅडमचं बोलणं नेहमीच असं मायेनं ओथंबलेलं.

थरांचं काम म्हणजे धीराची परीक्षा. आधी पारदर्शक थर, मग दुधी, मग काचेसारखा आरपार निळा. त्यावर टाचणीच्या डोक्याने पांढरे ठिपके. ते वाळले की पुन्हा निळा, पुन्हा ठिपके, पुन्हा निळा. खालचे ठिपके पुसट होत जातात, वरचे चमकतात आणि नखात वाकून पाहिलं तर पाण्याचा तळ दिसतो. सराव म्हणून तिने एक व्हिडिओही पाहिला होता. "घरच्या घरी, अगदी सोप्पं!" असं त्यातली बाई म्हणत होती. तिच्या मागे पांढरा पडदा, पुढे पांढरं टेबल, त्यावर पांढरा कप. त्या घरात बहुतेक कुणी जेवत नसावं. मूल तर नसावंच.

"काय चाललंय?" सासूबाई दारात आल्या.

"काम."

"हो का? याला काम म्हणतात होय हल्ली! आम्ही उगीच भांडी घासत बसलो." त्यांनी नाक मुरडलं. "वास मात्र छान आहे हो. रॉकेल सांडल्यासारखा."

बाजूच्या खोलीचं दार बंद होतं. आत नवऱ्याची मीटिंग चालू होती. ती सदैव चालूच असायची. फक्त जेवायची हाक ऐकू आली की चमत्कार झाल्यासारखी संपायची.

डावा हात झाला. मग डाव्या हाताने उजवा. जीभ दातांत धरून, कोपर टेबलाला टेकून, श्वास सोडायचाही विचार करून. शेवटचा चमकदार थर दिला आणि तिने दोन्ही हात खिडकीच्या उजेडात धरले. दहा नखांत दहा डोहच जणू. हात गेला नव्हता! डोळ्यांत पाणी आलं, पण ते पुसायचं कशाने?

गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तिचं एक ठरलेलं वाक्य असायचं: "ताई, आधी बाथरूमला जाऊन या. मग उठता येणार नाही." किती बायकांना तिने हे बजावलं असेल! आज मात्र या घरात कुणाला बजावायचं राहिलं, ते पलंगावरून ऐकू आलं.

"आई, शी!"

ती दचकून उभी राहिली. "अहो आई, जरा हिला—"

"माझे गुडघे," सासूबाई बाहेरच्या खोलीतून म्हणाल्या. गुडघे सकाळी मैत्रिणीकडे जाताना ठीक होते.

तिने बंद दारावर कोपराने थाप मारली.

"मीटिंग आहे!"

"हिला शी लागलीय. बघ आता, कुणाचं आधी उरकतं."

दार उघडलं. "तू ने ना."

पोलिसांनी पकडल्यासारखे तिने दोन्ही हात वर केले.

"हे आत्ताच करायचं होतं?"

"नाही रे, तुझी मीटिंग संपल्यावर केलं असतं. पुढच्या वर्षी. खुर्ची काय, बसलीच आहे माझी वाट बघत."

तो लेकीला उचलून पळाला. थोड्या वेळाने बाथरूममधून हाक आली, "हिचा टॉवेल कुठला?"

"बदकाचा."

"इथे सगळ्यांवरच बदकं आहेत!"

"जो पाहून ती रडत नाही, तो."

लेक स्वच्छ होऊन धावत आली ती थेट आईच्या हाताशी. डोळे विस्फारून म्हणाली, "आई, पाणी!" आणि पाणी किती खोल आहे ते बघायला तिने अंगठ्याच्या नखावर बोट टेकवलं.

अंगठ्यावर! सगळ्यात मोठं नख, मॅडमची नजर आधी जाते ते. ओल्या थरावर इवल्याशा बोटाचा ठसा उमटला. तिला ओरडावंसं वाटलं, पण लेकीचा चेहरा इतका आनंदी होता की ओरडा घशातच विरघळला. पुसून सगळे थर पुन्हा द्यायचे, तर पार्लरचं शटर खाली येणार. तिने नख उजेडात तिरकं धरलं. ठशाच्या बारीक रेषा खालच्या ठिपक्यांवर पसरल्या होत्या. वारा सुटल्यावर पाण्यावर उठतात तशा. ती थर जरा आळेपर्यंत थांबली, मग त्यावर अलगद एक पारदर्शक थर दिला. लाटा आत बंद झाल्या.

फोटो अर्थातच नवऱ्याने काढला.

"दाखव. अरे वा, पायपुसणं किती छान आलंय! हात कुठेयत?"

तिसऱ्यांदा हात आले. तिने पाठवायला सांगितलं. मग सगळे आपापल्या कामात असल्याचं दाखवत फोनकडे बघत बसले. सासूबाईसुद्धा, गुडघे विसरून दारात उभ्या.

फोन वाजला. नवऱ्याने मोठ्याने वाचलं, "बाकी ठीक. अंगठ्यावर लाटा कशाने काढल्यास? असं काम कुणी करत नाही इथे. सोमवारपासून ये. आणि ते जे काही हत्यार आहे, ते सोबत आण."

तिला हसू फुटलं. हात न लावता तिने लेकीला कोपरांत घेतलं, डोक्यावर हनुवटी टेकली. "ऐकलंस का? ते हत्यार तू आहेस."

"झालं," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे आमच्या दुपारी गेल्या." पण हे बोलताना त्या अंगठा जवळून बघत होत्या. "बाकी, दिसतंय बरं हो."

लेक कोपरांतून निसटली. चपलांच्या मांडणीशी खुडबुड झाली. डावा बूट उजव्या पायात, उजवा डाव्यात घालून ती आईसमोर येऊन उभी राहिली.

"नाही गं राणी, तिथे आई एकटी जाणार. तू आजीजवळ."

लेकीने भुवया आवळल्या. बाबांच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, मग आईच्या अंगठ्याकडे.

"पण त्यांनी तर मला आणायला सांगितलंय. मग तू मला का नाही नेणार?"