माझ्या पाठीवरचा क्रमांक

मित्रांनो, मी एक जुने पत्र आहे. माझा कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ. परदेशी टपालात वजन कमी भरावे म्हणून आमच्या चर्चच्या फादरांनी तो निवडला आणि दोन्ही बाजूंनी लिहिला. तेच पुढे नडले.

फादरांच्या टेबलासमोर एक शिवणकाम करणारी बाई बसली होती. तिचा मुलगा सैनिक. लढाई संपली, पण तो परतला नाही. सरकारने जाहीर केले, सगळे परतले; जो आला नाही तो पळपुटा. परदेशात एका मदतसंस्थेकडे युद्धकैद्यांची यादी होती आणि फादरांचा वर्गमित्र त्याच शहरात राहत होता. त्याने ती यादी पाहावी, एवढाच माझा निरोप.

पण फादर पडले फटकळ.

"पळपुटा म्हणे! या मंत्र्यांच्या जिभेला काही हाड?"

"फादर, त्यांच्याबद्दल नका ना लिहू," बाई म्हणाली. "आधी माझा मुलगा सापडू दे. मग हवं ते लिहा."

"अहो ताई, खरं लिहायला कसली भीती?"

त्यांनी मंत्र्यांवर चार ओळी लिहिल्याच. खोटे कशाला बोलू, मलाही त्या ओळींचा अभिमान वाटला. मग मला उलटून त्यांनी मुलाचे नाव, पलटण आणि क्रमांक लिहिला. क्रमांक बाईला तोंडपाठ होता. तरी तिने तो दोनदा सांगितला.

टपाल कचेरीत सरकारी तपासणीसाठी मला फोडले. एका कारकुनाने त्या चार ओळींवर काळ्या शाईचा जाड ब्रश फिरवला. शाई आरपार झिरपली. मागचे नाव गेले, पलटण गेली, क्रमांक गेला. कारकुनाने मागे पाहिलेसुद्धा नाही. मला चिकटवून पाठवून दिले.

वर्गमित्राने मला खिडकीशी धरले, भिंगाखाली धरले. शेवटी तो मला घेऊन संस्थेत गेला.

"अहो, हजारो माणसं आहेत यादीत," तिथल्या बाई म्हणाल्या. "नाव नाही, नंबर नाही, शोधू कोणाला?"

त्याने फादरांना तीन पत्रे धाडली. तिन्ही परत आली, कारण सीमा बंद झाली होती. ज्यांची घरून चौकशी आली, तेवढेच कैदी पुढे सुटले. तो मुलगा त्या यादीत होता का? मला माहीत नाही. आता कोणालाच कळणार नाही. मी एका खणात पडून आहे आणि मला माझीच लाज वाटते.

मित्रांनो, राग कितीही खरा असला, तरी त्याला वेगळा कागद घ्या. ज्याला शोधायचे, त्याचे नाव आधी लिहा. त्या आईला वाटत असेल, पत्र वाटेतच हरवले. मी पोहोचले होते, हे तिला कोणी सांगू नका.