गोड सोडलेलं घर

सत्यशीलाच्या घरात साखरेचा डबा नव्हता. गुळाचा खडा नव्हता, खोकल्याचं गोड औषध नव्हतं, देवापुढे नैवेद्यही शेंगदाण्यांचा. आल्यागेल्याला चहा मिळायचा, पण बिनसाखरेचा. त्यामुळे पाहुणे बेतानंच यायचे.

हे सगळं सहा वर्षांच्या लेकीपायी, सृष्टीपायी. तिच्या फिट्स गोळ्यांना दाद देईनात, तेव्हा डॉक्टरांनी मूळ शोधून काढलं. रक्तातली साखर मेंदूत नेऊन टाकणारे हमाल या पोरीकडे जन्मापासूनच कमी. मग मेंदूच्या पेशी उपाशी राहतात, आणि उपाशी पेशी एकमेकींना भलतेसलते निरोप धाडतात. तीच फिट. उपाय काय, तर तूप, लोणी, साय, खोबरं. चरबीपासून शरीर दुसरं इंधन बनवतं आणि त्याला मेंदूत शिरायला वेगळं दार असतं. मात्र साखर पोटात गेली की ते इंधन बनायचं थांबतं.

उपाय लागू पडला, फिट्स थांबल्या, आणि सत्यशीलाची भीती दुप्पट झाली. आता हातचं जाण्यासारखं काहीतरी होतं ना! नवरा योगेश हिंजवडीच्या कंपनीत, तो म्हणायचा, "अगं, जरा दमानं." पण दम कुठला? तिनं कोथरूडच्या त्या सोसायटीत दारोदार जाऊन सांगितलं, आमच्या सृष्टीला गोड देऊ नका. खालच्या मजल्यावरचे गोपाळकृष्ण काका म्हणाले, "बरं. आमच्या मांजरालाही सांगून ठेवतो." एवढ्यानं भागेना म्हणून कधी कधी तीच सृष्टीपुढे लिमलेटची गोळी धरायची आणि पोरीनं हात पुढे केला की कडाडायची. शिवाय अंबाजोगाईच्या देवीला नवस बोलून तिनं स्वतःही गोड सोडलं होतं, पोर पुरती बरी होईपर्यंत.

त्या दिवशी सकाळपासून सृष्टीला उलट्या होत होत्या. दुपारी तिचे डोळे जड झाले, श्वास भरभर चालू लागला. आली, फिट आली, या एकाच विचारानं सत्यशीलानं फोन उचलला. योगेशचा मोबाइल बंद. क्लायंटचा कॉल चालू असणार. तिनं डॉक्टरांना फोन लावला.

"लघवीच्या पट्टीचा रंग?" डॉक्टरांनी विचारलं.

"गडद जांभळा. काळाच म्हणा ना."

"म्हणजे ते दुसरं इंधन फार झालंय. हाक मारल्यावर डोळे उघडते? पाणी गिळते? मग मोसंबीचा रस द्या, दोन-तीन चमचे. आत्ता. आणि लगेच घेऊन या."

"रस? अहो सर, त्यात साखर असते!"

"म्हणूनच सांगतोय."

काकांकडे मोसंबी होती. त्यांनी फक्त "नक्की?" एवढंच विचारलं, टोमणा मारला नाही, आणि त्यानं तिला जास्तच भीती वाटली. वाटीभर रस पिळून देऊन ते रिक्षा आणायला गेले.

तिनं चमचा ओठांशी नेला. सृष्टीनं तोंड घट्ट मिटून घेतलं.

"नको. गोडाचा वास येतोय."

"अगं, डॉक्टरांनीच सांगितलंय."

"तू परत बघतेयस. मी घेते का ते."

सत्यशीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गोळी पुढे धरून तिनं पोरीला शहाणं केलं होतं, आणि आता शहाणी पोर तोंड उघडत नव्हती. श्वास तर वाढतच होता.

"बरं, मी घेते आधी. मग तू."

बोलून गेली, पण चमचा तोंडाशी जाईना. देवीला दिलेला शब्द मोडायचा? ती कोपली तर कुणावर कोपेल? पोरीवरच. सत्यशीलानं डोळे मिटून घोट गिळला. जिभेला गोड लागलं.

"बघ. प्याले मी."

सृष्टीनं ओठ विलग केले. एक चमचा, दुसरा, तिसरा. खालून काकांनी हाक मारली, "सत्यशीला, रिक्षा आलीय!"

कर्वे रस्त्यावरच्या गर्दीतून रिक्षा निघाली, तेव्हा सृष्टीचं डोकं आईच्या मांडीवर होतं. श्वास हळूहळू उतरत होता. दवाखान्याच्या अलीकडच्या सिग्नलला तिनं डोळे नीट उघडले आणि आईच्या तोंडाकडे टक लावून पाहू लागली. पापणी लवेना.

"काय गं? काय होतंय?" सत्यशीलाचा आवाज चिरकला.

सृष्टीनं दोन्ही हातांनी तिचं मनगट धरलं.

"आई, आता तुला फिट आली तर मी काय करायचं?"