आठ वाक्यांचा जबाब

धाकट्याची तीन बोटं गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी कारखान्यातून निरोप आला, की शुक्रवारपर्यंत लेखी जबाब द्या. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या कारखान्यात एकोणीस वर्षं रोलरच्या मशीनवर होता. उजवा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला, औषधांनी डोळे जड झालेले. तो काय लिहिणार?

माझी भावजय शहाणी. दोन दिवस त्याच्या उशाशी वही घेऊन बसली आणि तो बरळेल ते उतरवत गेली. मग वही माझ्यासमोर धरली. "वन्सं, तुम्ही जरा नीट लावून द्या. तुमचं कामच ते."

कामच ते, खरं आहे. मी चौतीस वर्षं भाषा शिकवली. विस्कटलेली वाक्यं द्यायची आणि मुलांकडून सुसंगत परिच्छेद करून घ्यायचा, यात माझा हात धरणारं शाळेत कोणी नव्हतं. निवृत्तीच्या समारंभात मुख्याध्यापक तसं म्हणालेही होते. त्यांना दुसरं काही सुचलं नसेल, पण मला ते आवडलं होतं.

वहीत आठ वाक्यं होती. "बोटं गेली. मशीन बंद केलं. हात आत घातला. रोलर फिरला. परवाही असंच झालं होतं. मुकादमाला सांगितलं होतं. कागद अडकला होता. मी ओरडलो."

मी पर्समधून लाल पेन काढलं. लाल पेन अजून बाळगते, ही एक खोड. वाक्यांना आकडे घालायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत. आधी कागद अडकला. परवाही असंच झालं होतं, म्हणजे परवाही कागद अडकला होता. ते मुकादमाला सांगितलं. मग हात आत घातला, रोलर फिरला, बोटं गेली, ओरडला. आणि शेवटी, डाव्या हातानं असेल, मशीन बंद केलं. कसं, पाण्यासारखं वाहत गेलं!

भावजय वाकून बघत होती. "पण वन्सं, 'मशीन बंद केलं' हे ते आधी म्हणाले. मग हात घातला म्हणाले."

"अगं, गुंगीतलं माणूस आठवेल तसं बोलतं. बंद मशीन कधी हात ओढतं का? जरा डोकं चालव."

ती गप्प बसली. माझ्यापुढे घरात सगळेच गप्प बसतात. त्याचा मला अभिमान होता, हेही सांगून टाकते.

मी स्वच्छ अक्षरात जबाब लिहिला आणि धाकट्याला वाचून दाखवला. त्याला विचारलं मात्र काहीच नाही. तो अर्धवट डोळे उघडून म्हणाला, "तू लिहिलंयस ना ताई, मग बरोबरच असेल." आणि सहीच्या जागी डाव्या हाताचा अंगठा उठवला.

सुनावणी तीन आठवड्यांनी झाली. कारखान्याच्या मागच्या खोलीत लांब टेबल, पलीकडे चौकशी अधिकारी, मॅनेजर आणि मुकादम. अलीकडे आम्ही तिघं. एव्हाना धाकटा पूर्ण शुद्धीवर आला होता. त्यानं एका दमात सांगितलं, "मी आधी मशीन बंद केलं होतं, साहेब. बटण खराब आहे. बंद केलेलं मशीन आपोआप चालू होतं. अपघाताच्या दोन दिवस आधीही असंच झालं होतं, तेव्हाच मुकादमांना सांगितलं होतं."

मी टेबलावरच्या माझ्या कागदाकडे पाहिलं.

अधिकाऱ्यांनी माझा कागद उचलला. "तुमच्या जबाबात तर बंद करणं शेवटी आहे."

धाकट्यानं माझ्याकडे पाहिलं. माझं नाव घ्यायला त्याला एक क्षण पुरला असता. "गुंगीत होतो, साहेब," तो म्हणाला.

"गुंगीतला माणूस इतकं मुद्देसूद सांगत नाही. इतका नीटनेटका जबाब आमच्याकडे क्वचित येतो."

मुकादमानं तर साळसूदपणाची कमाल केली. "कागद अडकतो हे त्यानं मला सांगितलं होतं, मी नाकारत नाही. बटणाचं काही बोलला नव्हता. जबाबातही तसंच आहे की!"

मी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे. वाक्यं मी लावली."

"तुमच्या पदरचं काही घातलंत?"

"नाही."

"काही गाळलंत?"

"नाही. फक्त क्रम बदलला."

"फक्त क्रम ना?" ते हसले. "बसा, बाई. बहिणीची माया आम्हाला कळते."

मी ध चा मा केला नव्हता. एक अक्षर इकडचं तिकडं केलं नव्हतं. तरी सगळं खापर त्याच्याच डोक्यावर फुटलं. चालू मशीनमध्ये हात घालणारा बेजबाबदार कामगार, असा निर्णय झाला आणि एकोणीस वर्षांची नोकरी गेली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. मी शहाणी, आणि बैल माझ्या भावाचा.

त्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. भावजय मात्र आता चहा देते तो न बोलता देते.

निर्णयावर अपील करायला महिन्याची मुदत आहे. काल सकाळी गेले तर धाकटा जेवणाच्या टेबलाशी बसून डाव्या हातानं अर्ज लिहीत होता. पहिलीतल्या पोरासारखं वेडंवाकडं अक्षर, एका ओळीला पाच मिनिटं. मी मागून वाकून पाहिलं. पहिलं वाक्य होतं, "मशीन आपोआप चालू झालं." त्याखाली, "मी ते बंद केलं होतं."

त्याला माझी चाहूल लागली. त्यानं पट्टी बांधलेला हात उचलला आणि कागदावर आडवा ठेवला.

"ताई, तू नको बघूस," तो म्हणाला. रागानं नाही, समजावल्यासारखं.

मी खुर्ची मागे ओढून भिंतीकडे तोंड करून बसले. लाज वाटते सांगायला, पण तेव्हाही माझ्या मनात हेच होतं, की त्याचं दुसरं वाक्य पहिलं हवं.